कागद आला का?

दुपारी तीनला ठाण्यात फोन आला तेव्हा हवालदारकाका दात कोरत बसले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद घरात कुणी बाई विव्हळतेय, अशी शेजारणीची तक्रार होती. काकांबरोबर निघाली ती नवी महिला शिपाई. ठाण्यात तिला सगळे ठिणगी म्हणत. नोकरीत कायम व्हायला तिला महिना उरला होता आणि काकांना निवृत्तीला दोन. पत्ता ऐकून काका सावकाश उठले. तिला वाटलं, जेवण अंगावर आलं असेल.

जिन्यात ओल्या चुन्याचा वास होता. शेजारीण महिन्यापूर्वीच राहायला आलेली. तिने समोरच्या दाराकडे बोट दाखवलं आणि आपलं दार लावून घेतलं. समोरच्या दाराला कुलूप नव्हतं, ते आतून बंद होतं.

ठिणगीने नियमाप्रमाणे तीनदा ठोठावलं, पोलीस आहोत म्हणून सांगितलं आणि कान लावला. आत फरशीवरून काहीतरी सरपटत येत होतं... थांबत होतं, पुन्हा सरपटत होतं.

काका म्हणाले, साहेबांना कळवू, वॉरंट येऊ दे. तिचं डोकंच फिरलं. आत कुणाचा जीव जात असेल तर वॉरंटची वाट बघायची नसते, हे तिला परीक्षेपासून पाठ होतं. तीस वर्षं वर्दीत काढलेल्या माणसाला ते नव्याने शिकवायचं? काकांनी एवढंच ऐकवलं, की आत कुणी सापडलं नाही तर विनाकारण घर फोडलं म्हणून तुझीच नोकरी जाईल.

तेवढ्यात दाराखालच्या फटीतून आवाज आला. थकलेला, अगदी खालून.

"कागद आला का?"

काका भिंतीला टेकले.

तिने वहीत वेळ टिपली, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि जिन्यात गवंड्यांनी ठेवलेल्या पहारीने दार उचकटलं. आतली कडी स्क्रूंसकट उपटून आली.

घरात कुणी नव्हतं. दोन खोल्या, खिडक्यांना गज, फरशीवर बोटभर धूळ. त्या धुळीत एक पाऊल नाही, एक ओरखडा नाही. तिने न्हाणीघर पाहिलं, कपाट पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. मग पुरावा म्हणून कडी पिशवीत घातली आणि दारात आली. वहीत दुसऱ्या साक्षीदाराची सही नसली, तर तिच्या शब्दाला कुत्रंही विचारणार नव्हतं.

"तुम्ही ऐकलंत ना, काका?"

काका उंबऱ्याबाहेरच उभे होते.

"अकरा वर्षांपूर्वीही ऐकलं होतं," ते म्हणाले. "इथे राहणारी बाई न्हाणीघरात पडली होती. सरपटत दाराशी आली. साहेबांचा हुकूम, कागदाशिवाय हात लावायचा नाही. मी सांगितलं, येतोय कागद, थांबा. ती विचारत राहिली... संध्याकाळी आला. तोवर तिने विचारणं सोडलं होतं."

तिने वही आणि पेन पुढे केलं. काकांनी सही केली. आवाज मीही ऐकला, असं वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

तिने दार ओढून घेतलं, दोरी बांधून सील लावलं. काका फटीपाशी वाकले आणि हलकेच म्हणाले,

"आला, बाई. कागद आला."

आत कडी सरकल्याचा आवाज झाला. सावकाश, गंजलेली कडी उघडावी तसा.

ठिणगीने हातातली पिशवी पाहिली. कडी पिशवीतच होती, स्क्रूंना दाराचं लाकूड चिकटलेलं.