काच हातातच होती

पाऊस जरा उघडला होता. जयसिंगपूरजवळच्या ग्रामीण प्रशिक्षण केंद्राच्या शेडमध्ये तिथं वेल्डिंग शिकवणारी रुचिता उकिडवी बसून लोखंडी चौकटीला वेल्डिंगचे टाके मारत होती, तेवढ्यात कुणीतरी येऊन थेट तिच्यासमोर उभं राहिलं.

"अवो पावणं, सरका की बाजूला! ठिणगी उडंल."

पावणं काही सरकेनात. शाहूपुरीतल्या एका शाळेची नववी घेऊन तीन दिवसांच्या शिबिराला आलेले हे विज्ञानाचे नवे सर, अभिनंदन. पोरापोरींनी रोपवाटिकेपासून मोटर दुरुस्तीपर्यंत सगळं हातानं करून बघायचं आणि पुढं काय शिकायचं ते ठरवायचं, असा बेत होता. रुचितानं सरांच्या हातात काळी काच दिली.

"ही डोळ्यांपुढं धरा. न्हाईतर सांजच्याला डोळ्यांत तिखट घातल्यागत व्हईल."

"धरतो की," सर म्हणाले. आणि धरली... कुठली धरायला!

दुसऱ्या दिवशी सरांचे डोळे लालभडक. डॉक्टरांचे थेंब घातले, तरी आग थांबेना. रुचितानं अशा डोळ्यांसाठीच शेडच्या कपाटात ठेवलेला बटाटा काढला आणि भराभर चकत्या कापल्या.

"अहो मॅडम, आम्ही जैन... आमच्या घरात बटाटा येत नाही."

"आमच्यातबी न्हाय! डोळ्यांवर ठेवायचा हाय, खायचा न्हाय. गप पडा."

सर बाकावर आडवे झाले. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "काल तुमच्या कपाळाला काजळी लागली होती... उजव्या बाजूला."

"काळ्या काचेतनं दिसली व्हय?"

चकत्या डोळ्यांवर होत्या, पण सरांचे लाल झालेले कान लपले नाहीत. रुचिताला हसू फुटलं, आणि हसता हसता छातीत धडधडलंही. छे! दोन दिवसांची ओळख, आणि हे काय भलतंच, म्हणून तिनं उगाचच हातोडी उचलून ठेवली.

तिसऱ्या दिवशी बातमी लागून शाळेचे मुख्याध्यापक अमरसिंह सर गाडीतून उतरले तेच तापलेले. "शिक्षकाचे डोळे सुजतात म्हंजे काय खेळ हाय? वेल्डिंग बंद! पोरींना शिवणकामाला बसवा."

नववीतल्या आदितीचा चेहरा एवढासा झाला. वेल्डिंगला पहिलं नाव याच पोरीनं दिलं होतं. पाच जणी मिळून शाळेसाठी लोखंडी बाक करत होत्या, एकच जोड राहिला होता. आज या पोरी मागं फिरल्या, तर पुन्हा कुठली पोरगी या शेडकडं फिरकणार नव्हती.

"सर, तुम्ही लेखी द्या," अमरसिंह अभिनंदनना म्हणाले, "बाईंनी काच दिलीच न्हवती म्हणून."

रुचितानं मान खाली घातली. नवी नोकरी, समोर मुख्याध्यापक... बिचारा माणूस काय बोलणार?

"दिली होती, सर. काच हातातच होती माझ्या."

"मग धरली का न्हाईसा?"

अभिनंदननी एकदा सगळ्या नववीकडं पाहिलं, एकदा रुचिताकडं. "धरली असती, तर... तर मॅडम दिसल्या नसत्या."

शेडमध्ये असा काही गलका उठला की पत्रे दणाणले! अमरसिंह सरांनी दरडावायला तोंड उघडलं खरं, पण मिशीतलं हसू काही आवरलं नाही.

"चूक तुमची, आणि शिक्षा पोरींना देत होतो व्हय मी? ए पोरी, तू तरी काच धरशील न्हवं?"

"धरीन सर!"

"मग मार तो जोड."

आदितीनं काच धरली, रॉड टेकवला. रुचिता तिच्या पाठीशीच उभी राहिली. निळा उजेड चमकला, धूर वर गेला, लोखंड तापल्याचा वास पसरला. जोड निवल्यावर अमरसिंह सर स्वतः त्या बाकावर बसले, अख्ख्या वजनानिशी. बाक जरासुद्धा करकरला नाही! पोरींनी रुचिताला मिठीच मारली, आणि शिवणकामाकडं गेलेल्या आणखी तिघी वेल्डिंगला नाव द्यायला धावत आल्या.

गाडी सुटायच्या वेळी अभिनंदन काच परत द्यायला आले.

"मला बघायचंच असंल, तर मशीन बंद असताना या की," रुचिता म्हणाली.

"उद्या?"

"उद्या रविवार. घरी तात्यासो असत्यात, माझे वडील."

"मग त्यांनाच भेटतो की. विचारायचंच आहे त्यांना..."

रुचिताचं तोंड लाजेनं लालेलाल झालं, पण नजर हटली नाही. "दिवस मावळायच्या आत या. जेवूनच जावा," ती म्हणाली. "आणि येताना बटाटं तेवढं आणू नका!"