फॉरमॅटभाऊच्या कपाटातली डिस्क

दार लोटून घ्या आधी. आणि ते मोबाइल पालथे ठेवा, मध्येच एखादा वाजला तर माझीच बोबडी वळायची.

माझा एक मित्र कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. सगळे त्याला फॉरमॅटभाऊ म्हणत, कारण दुखणं कुठलंही असो, याचं औषध एकच, सगळं पुसून नव्याने टाकायचं. माऊस हलत नाही? फॉरमॅट. आवाज येत नाही? फॉरमॅट. एकदा कोपऱ्यावरच्या न्हाव्याने त्याला विचारलं होतं, माझ्या मेव्हण्याच्या डोक्याचं काही होतं का बघा म्हणून. हसा, हसा. मीही तेव्हा पोट धरून हसलो होतो.

नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार होता. भुताला अमावस्याच लागते असं कुणी सांगितलं तुम्हाला? रात्री आठला हा शिकवणीच्या बाईंकडे गेला. कॉम्प्युटर सुरू व्हायला अर्धा तास घेत होता. बाईंनी फोनवरच बजावलं होतं, त्यात ह्यांचा आवाज आहे, तेवढा जपा.

त्याचं असं झालं होतं. बाईंच्या यजमानांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मग त्या माणसाने आठवडाभर बसून रोजची वाक्यं आपल्या आवाजात कॉम्प्युटरवर भरून ठेवली. नंतर बटण दाबून बायकोशी बोलायचं म्हणून. आणि ऑपरेशनमधून ते परतलेच नाहीत. तेव्हापासून बाई झोपायच्या आधी तो आवाज लावायच्या, आणि त्याला उत्तरं द्यायच्या. दुसरीकडे कुठे एक प्रतही नव्हती.

फॉरमॅटभाऊने यंत्र उघडून धूळ झटकली. आधी आवाज बाजूला काढून घ्यायचा हे त्याच्या डोक्यात होतं, नव्हतं असं नाही. पण तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन आला. फोन खांद्यात धरून तो बोलत राहिला आणि हात आपले सवयीने चालत राहिले. डिलीट. हो. पुढे. वीस वर्षांचे हात ते, त्यांना विचार करावा लागत नाही.

नवीन सिस्टिम चढली. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं, आणि काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ आली, सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही. याने केबल बदलली, सेटिंगमध्ये डिस्क पहिल्या नंबरावर आणली. तीच ओळ. पुन्हा सगळं पुसून सिस्टिम टाकली. तीच ओळ. तिसऱ्यांदा टाकली.

तेव्हा आतून बाईंनी विचारलं, झालं का हो भाऊ, मला ऐकून झोपायचंय.

आणि याला आठवलं.

पुसलेलं शोधायचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर होता त्याच्याकडे. तो तासभर चालला, एकही फाइल मिळाली नाही. मिळणार कुठून? एकदाच पुसलं असतं तर काही तरी हाती लागलं असतं. याने दुरुस्ती म्हणून तीनदा वरून लिहिलं होतं. स्वतःच्या हातांनी गाडत गेला बिचारा.

साडेदहा वाजले. याने डिस्क काढून हातात घेतली. गरम होती. चालू डिस्क तापतेच, दहा मिनिटांत निवते. ती घेऊन तो खुर्चीत बसून राहिला. बाईंना काय सांगायचं? कुठल्या तोंडाने? तो मला म्हणाला, अरे, रडूसुद्धा येईना.

पडद्यावर ती पांढरी ओळ तशीच होती.

मग ती गेली.

स्पीकरमधून कुणीतरी खाकरलं...

"दार लावलंस?"

आतून बाई रोजच्यासारख्या म्हणाल्या, "लावलं."

"गोळी घेतलीस?"

"घेतली हो."

हा डिस्ककडे बघतोय. डिस्क हातात. वायर नाही, काही नाही.

रोज इथेच संपायचं ते. पण स्पीकर चालूच होता. श्वास ऐकू येत होता...

"त्यांना जाऊ दे आता. उशीर झालाय."

आत पलंग करकरला. मग चपला वाजल्या. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे पुन्हा ती पांढरी ओळ होती. मग याच्या हाताकडे पाहिलं.

"हे त्यात नव्हतं," त्या म्हणाल्या.

याने डिस्क मुठीत घट्ट धरली.

"गेलं ना सगळं?"

याने मान हलवली. बाई म्हणाल्या, "ती घेऊन जा. मला बघवणार नाही."

ते यंत्र नंतर कधीच सुरू झालं नाही. फॉरमॅटभाऊने डिस्क तीन मोठ्या ठिकाणी दाखवली. कोरी आहे म्हणाले, नाद सोडा. त्याने धंदाच सोडला. बाई रस्त्यात भेटल्या की आजही नुसतं बघतात, आणि हा मान खाली घालतो. काय करणार? परत देता येत नाही, टाकवत नाही.

सहा वर्षं ती त्याच्या कपाटात आहे, रुमालात गुंडाळलेली. गेल्या रविवारी कपाट उघडून त्याने ती माझ्या तळहातावर ठेवली.

गरम होती.