ज्याचं टॅपेट त्याच्या जागी

स्पेअर पार्टच्या दुकानात भर गर्दीत तो घसा ताणून सांगत होता, "कोपऱ्यावरच्या लेथवाल्याकडे काही देऊ नका! त्यानं घासलेली टॅपेटं आठवड्यात झिजली. काम कच्चं!"

मागे उभी असलेली मुलगी गॅस्केट घ्यायला आली होती. गॅस्केट राहिलं काउंटरवरच.

"तो लेथवाला मीच," ती म्हणाली.

तो वळला. समोरच्या गल्लीत नवं गॅरेज टाकलेला मेकॅनिक. गालावर ग्रीसचा पट्टा. डोळे बरे होते... पण रागाच्या भरात असल्या किरकोळ गोष्टी जमेस धरायच्या नसतात.

"तुम्ही? म्हणजे... मला वाटलं—"

"वाटू दे! टॅपेटं घेऊन या, आत्ता. काम कच्चं निघालं तर लेथ विकून टाकीन. नाही निघालं तर इथंच उभं राहून, याच आवाजात कबूल करायचं."

वडिलांनी हाडं झिजवून कमावलेलं नाव, आणि या भोंग्यानं ते एका दमात धुळीला मिळवलं!

त्यानं तिच्या लेथशेजारच्या बाकावर टॅपेटांचा डबा उपडा केला. अंगठ्याएवढे पोलादी तुकडे. खाली दांड्यावरचा उंचवटा, म्हणजे कॅम, फिरतो, तो यांना ढकलतो, हे व्हॉल्व्ह उघडतात. तिनं एक उजेडात धरलं. बाजूला वरपासून खालपर्यंत दोऱ्याएवढा चर.

"हा कुणी पाडला?"

"मी. पोलाद कापायच्या पातळ चक्रीनं. तेल वरच अडकत होतं, कॅमपर्यंत पोचत नव्हतं. वाट करून दिली."

"माझ्या कामावर? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर पाडू दिला असतात?"

"मुळीच नाही!"

"मग?"

ती आणखीच भडकली. कारण चर अगदी बेताचा होता. जरा रुंद असता तर तेलाचं प्रेशर पडलं असतं. मूर्खावर रागावणं सोपं असतं हो. हा मेला हुशार निघाला!

तिनं टॅपेट उलटं केलं. तळ एका बाजूनं खाल्लेला.

"चर कधी पाडलेत? इंजिन चालवण्याआधी की नंतर?"

"नंतर. काढली, चर पाडले, घमेल्यात धुतली, बसवली..."

"सगळी एकाच घमेल्यात? कुठलं कुठलं, ते खूण न करता?"

त्याचे कान लाल झाले.

"एकदा चाललेलं टॅपेट आपल्या कॅमशी जुळलेलं असतं! जागा बदलली की दोघंही झिजतात. एवढंही—"

"माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "चर जमला त्या आनंदात... विसरलो."

तिला हसू येत होतं. तिनं ते दातांखाली दाबलं आणि नवी टॅपेटं घासायला घेतली. चर त्यालाच पाडायला लावले. इंजिन असं चाललं की नुसती कुजबुज.

दुसऱ्या दिवशी त्याच काउंटरवर तो ओरडला, "ऐका! टॅपेटं पक्की होती. गाढव मी होतो!"

दुकान हसलं. ती गॅस्केट उचलत पुटपुटली, "चर मात्र चांगला होता."

"ऐकू आलं नाही. माझ्यासारख्या आवाजात सांगा ना."

"चर चांगला होता!" ती खेकसली, आणि तरातरा बाहेर पडली.

तो मागोमाग. "रागावलात?"

"हो!"

"अजून?"

"खूप!"

"मग उद्या येऊ का? नाही म्हणजे... जुळल्यावर जागा बदलली तर दोघंही झिजतात म्हणे—"

ती थबकली. रागानं लाल की कशानं, ते तिलाच ठाऊक.

"चक्री घेऊन ये," ती म्हणाली. "आणि पुसून ये तो गाल. कालपासून बघतेय मी."