एकोणीस भोकांची फळी

"सोळा… सतरा… अरे, फळी हलवू नकोस ना!" मुंगी ओरडली.

"मी कुठे हलवतोय? तूच थरथरतेयस!" शंकासूर म्हणाला.

मुंगी खरंच थरथरत होती. पण कबूल करेल तर ती मुंगी कसली!

बंदराच्या धक्क्यावर सकाळपासून ही गर्दी लोटली होती. मधोमध दोन टेबलं जोडून त्यांवर एक सर्फबोर्ड ठेवला होता. सर्फबोर्ड म्हणजे लाटांवर घसरत जायची ती लांब फळी. तिच्या एका टोकाला भोकांची रांग होती आणि वर पाटी लावली होती, 'नरभक्षक शार्कचा हल्ला! आज चार वाजता शिकार!' फळी होती बोटवाल्या काकांची. पहाटे खाडीत तरंगताना सापडली, असं ते येईल त्याला सांगत होते आणि दर वेळी शार्क हातभर लांब होत होता.

"एकोणीस," मुंगीने मोजणी संपवली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, एकोणीसच! आणि सरळ रेषेत! हे सगळं पुस्तकात आहे!"

ही तिघं भावंडं सुट्टीला मावशीकडे आली होती. मावशीचं बंदराशेजारी चार खोल्यांचं लॉज होतं. ताई तेरा वर्षांची, सगळ्यांत शहाणी, त्यामुळे बोलणीही सगळ्यांत जास्त तीच खायची. मधला शंकासूर. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी 'कोण म्हणतं?' असं विचारणारा. धाकटी मुंगी दहा वर्षांची, औषधाच्या बाटलीवरचा कागदही शेवटपर्यंत वाचणारी. लॉजच्या कपाटातली शार्कची जाडजूड कादंबरी तिने पहिल्याच दिवशी फस्त केली आणि तेव्हापासून सहा दिवस पोहायचा पोशाख घालून ती कोरड्या पायऱ्यांवर बसून होती. पाण्यात पायाचं बोटसुद्धा बुडवायचं नाव नाही!

तिघं लॉजकडे धावली. मुंगीने नेमकं पान उघडलं. "'त्या जबड्याने फळीवर एकोणीस भोकं उमटवली, शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी सरळ.' बघा! म्हणजे पुस्तक खरंय!" तिचे डोळे भरून आले.

"किंवा फळी खोटी आहे," शंकासूर म्हणाला.

"किंवा शार्कने पुस्तक वाचलंय," ताई म्हणाली. "अरे, वाद कशाला? जिने लिहिलंय ती वरच राहते की!"

ते खरं होतं. वरच्या खोलीत दोन वर्षं एक लेखिका राहत होती. याच पुस्तकाने तिला नाव मिळालं होतं. आता ती कुणाशी फारसं बोलत नसे. रोज सकाळी दुर्बीण आणि वही घेऊन उथळ पाण्याच्या कडेला बसायची. 'त्यांना त्रास द्याल तर याद राखा,' असा मावशीचा दम होता. तिघांनी तो नीट लक्षात ठेवला आणि दार वाजवलं.

लेखिका आजींनी दार उघडलं. खोलीभर फायली होत्या आणि भिंतीवर शार्कचा खराखुरा जबडा टांगला होता. मुंगीच्या हातातलं पुस्तक पाहून आजींचा चेहरा उतरला.

"सही हवीये का?"

"नको," मुंगी म्हणाली. "हे वाक्य खरं आहे का, ते सांगा."

आजींनी वाक्य वाचलं. चष्मा काढला. पुस्तक मिटलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. समुद्रही पाहिला नव्हता. आईच्या शिवणयंत्राशेजारी बसून लिहायचे. शेजारी टाके सरळ पडत होते, म्हणून शार्कचे दातही सरळ लिहिले! पुढे खरा शार्क पाहिला आणि लाज वाटली. प्रकाशकांना कळवलं. पण खपणाऱ्या पुस्तकाला कोण हात लावतो? अकरा वेळा तस्संच छापलं."

"मग काकांची फळी?" शंकासूरने विचारलं आणि सगळी हकीकत सांगितली.

शिकारीचं ऐकताच आजी खिडकीशी गेल्या. "या आठवड्यात माद्या पिल्लं द्यायला इथल्या उथळ पाण्यात येतात. काल मी अकरा मोजल्या. चार वाजता गळ टाकले, तर एकही उरणार नाही. बंदराच्या साहेबांना दोन पत्रं लिहिली होती, पण उत्तर नाही."

"मग खाली चला ना! तुम्हीच सांगा!" ताई म्हणाली.

"वीस वर्षं सांगतेय, बाळा. लोक हसतात. म्हणतात, 'बाई, तो राक्षस असतो हे तुम्हीच तर सांगितलंत!' करावं तसं भरावं. माझं कोण ऐकणार?"

"मी ऐकलं होतं," मुंगी हळूच म्हणाली. "म्हणून तर सहा दिवस पाण्यात गेले नाही."

आजींनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना फार वाईट वाटलं, ते स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी खुर्ची ओढली, वर चढल्या आणि भिंतीवरचा जबडा खाली काढला.

"मावशीकडे मळलेलं पीठ असेल का रे?" त्यांनी विचारलं.

पावणेचारला ताई परातभर पीठ घेऊन धक्क्यावर पोचली, सोबत जबडा घेतलेल्या आजी आणि बाकी दोघं. मागून मावशी धावत होती, "अगं, पावाचं पीठ आहे ते! कार्टे, थांब!" सहा बोटी निघायच्या तयारीत होत्या. बंदराचे साहेब शिट्टी तोंडात धरून उभे होते.

"काका," ताई अगदी लाडात म्हणाली, "शार्कबद्दल तुमच्याइतकं इथे कुणालाच माहीत नाही. जबडा या पिठात तुम्हीच दाबा ना! शार्क कसा चावतो ते सगळ्यांना दाखवा!"

काका फुगले. बाह्या सरसावून त्यांनी जबडा दाबला आणि उचलला. पिठात चंद्राची स्वच्छ कोर उमटली होती.

"काका, इथे तर गोल वळण आलं," शंकासूर मोठ्याने म्हणाला. "मग फळीवर सरळ रांग कशी?"

"छे! तो… तो जबडा वाळलाय!" काकांना घाम फुटला. "सरळच असते रांग! पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, सरळ! मी स्वतः मोजून एकोणीस…"

त्यांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. सगळी गर्दी काकांकडे वळली.

"गंमत म्हणून केलं हो!" काका रडकुंडीला आले. "बोटीच्या सहलीला कुणी येईना. वाटलं, थोडी भीती असली की माणसं येतील. ड्रिलने पाडली भोकं. शिकारीचं माझ्या मनातही नव्हतं, ते साहेबांनी जाहीर केलं! मग बोलायला तोंडच उरलं नाही. बाई, तुमचं पुस्तक मी सात वेळा वाचलंय!"

"सात वेळा!" आजी खिन्नपणे हसल्या. मग त्या वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ऐका सगळे! ते वाक्य खोटं आहे. मी लिहिलं आणि मी चुकले. खाडीत राक्षस नाहीत, बाळंतपणाला आलेल्या आया आहेत."

या वेळी कुणीच हसलं नाही. साहेबांनी तोंडातली शिट्टी काढून खिशात टाकली. "शिकार रद्द! तुमची पत्रं मी वाचली नाहीत, बाई. चुकलंच माझं." मग त्यांनी शंकासुराच्या पाठीवर थाप मारली. "आम्ही मोठी माणसं घाबरायला तयारच असतो. भोकं मोजायला मात्र पोरं लागली! शाब्बास!"

"शाब्बास खरी," मावशी म्हणाली, "पण आज पाव मिळणार नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी लॉजमधलं पुस्तक उघडलं आणि लाल पेन मुंगीच्या हातात दिलं. मुंगीने 'सरळ' हा शब्द खोडला आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हे चूक आहे. लेखिकेला विचारून दुरुस्त केलं.' आजींनी शेजारी सही केली.

मग सगळी पाण्याकडे गेली. पलीकडे खडकांजवळ उथळ पाण्यात हातभर लांबीची पिल्लं सुळसुळत होती. बोटवाले काका दोरी लावून लोकांना लांब उभं करत होते. 'बघा, पण हात लावू नका,' असं ते येईल त्याला सांगत होते. मुंगी शेवटच्या पायरीवर थांबली.

"भीती वाटतेय?" आजींनी विचारलं.

"हो," मुंगीने या वेळी कबूल केलं.

"मग दोघी मिळून पावलं मोजू."

आजींनी हात पुढे केला. मुंगीने तो घट्ट धरला आणि पाय पाण्यात टाकला. "एक… दोन… तीन…" पाणी घोट्याशी आलं, मग गुडघ्याशी. एकोणीस पावलं झाली, तरी ती थांबली नाही.