भिंतीवरचा बाबालाल

गंगावेशीजवळ माझी माडीवरची खोली होती आणि समोर बाबालाल कल्हईवाल्याचं दुकान. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवत असे. महाराज गादीवर येऊन पाच वर्षं झाली होती. मुलांना प्रकाश शिकवायचा म्हणून मी रस्त्याकडच्या खिडकीच्या फळीला वाटाण्याएवढं भोक पाडलं. बाकीच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. सकाळी समोरच्या दुकानावर ऊन आलं, की माझ्या चुनेगच्ची भिंतीवर सगळा रस्ता उमटे. रंगीत, हलता आणि उलटा. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून वरचं खाली आणि खालचं वर. एवढं साधं.

बाबालालना एकदा वर बोलावून दाखवलं. त्यांची बायको खतिजा भट्टीपाशी भांडी लावत होती.

"मास्तर, आमची खतिजा उलटी टांगलीया की वो!" ते हसत सुटले. मग भिंतीपासून मागं सरले. "तिला कळतंय का, आपण बघतोय त्ये?"

"कसं कळेल, बाबालालभाई?"

"मग बरं न्हवं असं बघणं," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

पुढं शहरात प्लेग आला. आमच्या पलीकडच्या गल्लीत उंदीर पडले. लोक सामान बैलगाडीत घालून बाहेर पडू लागले.

त्या सोमवारी नऊच्या सुमाराला मी भिंत बघत बसलो होतो. उलटं दुकान स्वच्छ दिसत होतं. भाता आपोआप दबत होता. एक पातेलं हवेत गरगर फिरत होतं. नवसागराचा पांढरा धूर भिंतीवर खाली खाली उतरत होता. बाबालाल नव्हते.

मी खिडकी उघडली. ते जागेवरच होते. हातात पातेलं, कपाळावर घाम.

खिडकी लावली. पातेलं फिरत होतं. माणूस नव्हता.

भोक मोठं केलं. पुठ्ठ्याला टाचणीनं छिद्र पाडून तो लावून बघितला. शेजारच्या शिंप्याची दाढीसुद्धा दिसली. बाबालाल तेवढे दिसेनात.

मी पुन्हा खिडकी उघडली तेव्हा ते वरच बघत होते.

"मास्तर, भितीवर दिसतोय न्हवं मी?"

"दिसताय की," मी म्हणालो.

ते रस्ता ओलांडून खिडकीखाली आले. "आमचा मेव्हणा दिलदार बिद्रीस्नं आलाय. म्हणतोय, चला. जावं का ऱ्हावं? तुमी शिकल्यालं हायसा, तुमी सांगा."

जा म्हणायला दुसरं कारणसुद्धा लागत नव्हतं. उंदरांचं कारण पुरेसं होतं. पण मी आत्ता काय बघितलं ते मला ठाऊक होतं. जा म्हणालो असतो, तर त्या भिंतीवर माझा विश्वास बसला, हे मलाच कबूल करावं लागलं असतं.

"आपल्या गल्लीत अजून काही नाही," मी म्हणालो. "उगाच घाबरू नका."

"बास. तुमी म्हणताय म्हंजे झालं."

दिलदार दुपारी एकटाच परत गेला.

गुरुवारी बाबालालना ताप भरला. जांघेत गाठ आली. त्यांना गावाबाहेरच्या झोपड्यांत नेलं, तेव्हा मी दार लावून घेतलं होतं. शनिवारी ते गेले.

नवऱ्यामागची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपल्यावर खतिजा एका सकाळी माझा जिना चढून आली. मला वाटलं, जाब विचारायलाच आली. तिनं काही विचारलं नाही.

"आमचं ह्ये नेमी सांगायचं, तुमच्या भितीवर आमचं दुकान दिसतंय म्हून. येकदा दावा."

मी फळी लावली. रस्ता उमटला. वेशीची उलटी कमान, उलटी बैलगाडी, बाबालालच्या दुकानाची बंद दारं.

खतिजा पुढं सरकली. "बसल्यात की," ती म्हणाली.

"कुठं?"

"ह्ये काय. पर समदं उलटं हाय आन् ह्ये तेवढं सुलटं कसं?"

मला काही दिसत नव्हतं. भोकातून आलेलं चित्र सुलटं पडत नाही. सुलटं असेल, तर ते बाहेरून आलेलं नाही.

"खतिजाबी," मी म्हणालो, "त्या दिवशी मी त्यांना खोटं सांगितलं. जा म्हणायला हवं होतं."

तिनं वळून बघितलं नाही.

मला ते सहन होईना. मी भोकावर तळहात दाबला. रस्ता विझला. खोलीत मिट्ट काळोख झाला.

"हात काडू नका, मास्तर," ती हळूच म्हणाली. "आता लई साफ दिसत्यात."

मी तिच्याकडं बघितलं. तिच्या गालावर समोरच्या भिंतीकडून भट्टीसारखा तांबूस उजेड पडला होता.

आणि तिच्या मागं, खोलीच्या बंद दारावर, तिची सावली.