न धुण्याचं मडकं

म्हसावदला लग्न होऊन आली तेव्हा स्वप्नालीला सगळं आवडलं, एका मडक्याखेरीज. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असायचं ते, आंबिलीचं. वापरायचं रोज, आतून धुवायचं कधीच नाही. तळाला कालची आंबील ठेवायची आणि तिच्यावरच ज्वारीच्या पिठाची आजची ओतायची. घरातली गरोदर बाई नऊ महिने त्यातलीच पिणार. आता बीएस्सी झालेल्या, शहाद्याच्या लॅबमध्ये जंतू तपासणाऱ्या बाईने हे कसं गिळावं, सांगा!

पाचव्या महिन्यात एकदा सासूबाई मळ्यात गेल्या आणि हिने उकळतं पाणी अन् सोडा घालून मडकं घासून लख्ख केलं. पोटावर हात ठेवून म्हणाली, "काय रे राजा? घाण नको ना आपल्याला?"

सासूबाई, नर्मदाबाई, परत आल्या. मडक्यात नाक घातलं आणि मटकन खाली बसल्या.

"धवानं नव्हतं माय," एवढंच म्हणाल्या. "पाच पिढीसनं इरजन व्हतं त्यामा."

त्यानंतर त्यात आंबील आंबलीच नाही. मडकं कोपऱ्यात कोरडंच राहिलं.

पियूष झाला, चांगला गुटगुटीत. पण तो कुणाकडे बघेना. हाक मारा, टाळी वाजवा, कुशीत घ्या, त्याला कशाचंच काही नाही. कानाचे रिपोर्ट चांगले, डोळ्यांचे चांगले. दोन वर्षं अशी गेली. नवरा, नवनीत, नंदुरबार-धुळे करून थकला. शेवटच्या डॉक्टरांना तिनेच विचारलं, आईच्या आतड्यातले जंतू पोटातल्या बाळाचा मेंदू घडवायला हातभार लावतात, हे खरं का?

"संशोधन चालू आहे, बरंचसं उंदरांवर," ते म्हणाले. "एका मडक्याने असं होत नसतं, ताई. स्वतःला दोष देऊ नका."

पण मन ऐकतं थोडंच? एकदा आई म्हण रे, मग मी मेले तरी चालेल, असं ती रोज त्याच्या कानाशी बोलायची. तो भिंतीकडे बघत राहायचा.

परवा दुपारी ती भाकरी थापत होती. बुड, बुड असा आवाज आला. नर्मदाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"आंबी ऱ्हायनं," त्या पुटपुटल्या.

कोरड्या मडक्याला आंबट वास सुटला होता. पियूष उठला, थेट कोपऱ्यात गेला. मडक्याला दोन्ही हातांनी मिठी मारून त्याने आत तोंड घातलं आणि हसला. जन्मात पहिल्यांदा.

"आई," तो म्हणाला.

स्वप्नाली भाकरी टाकून उठली. रडतच तिने ओ द्यायला तोंड उघडलं.

तिच्याआधी मडक्यातून तिच्याच आवाजात ओ आली, "काय रे राजा?"