उतरवलेल्या तारा

सकाळी वाद्यवृंदाच्या मॅनेजरने वाद्यांच्या खोलीचं कुलूप उघडलं आणि तो दारातच थबकला.

खोलीच्या मधोमध डबल बेस जमिनीवर उताणा पडला होता. माणसाहून उंच, पोटाने ऐसपैस असं ते वाद्य. त्याच्यावर एकही तार नव्हती. बाजूच्या टेबलावर नव्या तारांची तीन पाकिटं होती आणि तिन्ही रिकामी होती.

त्याच तारांची दुपारी पारख व्हायची होती.

मॅनेजरने पोलिसांना फोन केला नाही. तारा चोरीला गेल्या म्हटल्यावर, विजेच्या की टेलिफोनच्या, असं त्यांनी विचारलं असतं. त्याने फौजदारांना फोन लावला. फौजदार निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण लोक अजून त्याच नावाने हाक मारत. शिवाय दुपारी तारा पारखणार होते त्या आप्पांचे ते मेहुणे होते.

फौजदार आधी नाहीच म्हणाले. बहीण गेल्यापासून त्यांनी आप्पांच्या घराची पायरी चढली नव्हती. पण त्यांची भाची, आप्पांची लेक, याच वाद्यवृंदात बेस वाजवायची. तिच्यासाठी ते कुरकुरत का होईना, आले.

"पारख म्हणजे काय करता?" त्यांनी मॅनेजरला विचारलं.

"आमच्या सगळ्या बेसना दरवर्षी एकाच प्रकारच्या तारा लावतो. यंदा तीन प्रकार मागवले होते. एक तांत, म्हणजे आतड्यापासून वळलेली. मऊ असते, खोल बोलते, पण हवा दमट झाली की उतरते. दुसरं पोलाद. वाजवायचा गज टेकवला की लगेच बोलतं, कधी कधी कानाला टोचतं. तिसरी तार या दोघींच्या मधली, आत नायलॉन आणि वर धातूचं वेष्टण. एकाच बेसवर पाळीपाळीने चढवून वाजवतात. आप्पा ऐकतात आणि सांगतात."

"आप्पांनी सांगितलं की झालं?"

"झालं. ते वाजवायचे तेव्हाही आणि वाजवणं सोडल्यावरही. त्यांच्या कानावर शंका घ्यायची कुणाची छाती नाही."

"ऐकतात कसे?"

मॅनेजरला प्रश्न विचित्र वाटला. "कसे म्हणजे? समोर खुर्ची टाकून बसतात. तळहात बेसच्या खांद्यावर ठेवतात. वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतात. आज मात्र तसं नव्हतं. आज मध्ये पडदा लावणार होतो."

"कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"खांबच्या."

खांब कोपऱ्यातच उभा होता. दारातून आत येताना वाकावं लागेल इतका उंच, म्हणून खांब. तो आप्पांचा शिष्य होता आणि आता त्यांच्याच जागेवर वाजवायचा.

"पडदा कशाला हवा होता?" फौजदारांनी विचारलं.

"मला पोलाद हवंय, साहेब. आप्पा दरवर्षी तांतच निवडतात. वाजवणाऱ्याचं तोंड बघून माणसाचं मन इकडेतिकडे होतंच. पडद्याआडूनही त्यांनी तांतच निवडली असती, तर मी मुकाट्याने वाजवली असती."

"म्हणजे हे तू केलं नाहीस."

"मला तर पारख व्हायला हवी होती! मी कशाला मोडू?"

"किल्ल्या कुणाकुणाकडे असतात?"

"मॅनेजरकडे, माझ्याकडे आणि आप्पांच्या घरी."

"तुझ्या मते कुणाचं काम?"

"कुण्या अडाण्याचं," खांब चिडून म्हणाला. "चारही तारा एकदम उतरवल्यात. असं कुणी करत नाही. एक काढायची, तिच्या जागी नवी लावायची, मग दुसरी. बेसच्या पोटात एक काठी उभी असते. तिला ना खिळा, ना डिंक. वरच्या तारांचा दाब असतो म्हणून ती उभी. चारही सैल झाल्या की पडते. ती पडलीय. हलवून बघा."

फौजदारांनी बेस किंचित कलता केला. आत काहीतरी गडगडलं.

"आता?"

"आता काय? कारागीर परगावी गेलाय. तो येईपर्यंत हा मुका. दुसरा बेस घ्यावा, तर नव्या तारा कुठायत?"

मॅनेजरने फौजदारांना बाजूला घेतलं. वाद्यवृंदाच्या समितीचा फोन येऊन गेला होता. पडद्याचं खूळ खांबने काढलं, किल्ली त्याच्याकडे आहे, तेव्हा आज उलगडा झाला नाही तर त्याला घरी बसवा, असा निरोप होता.

फौजदार गुडघे टेकून बसले. गुडघ्यांनी तक्रार केली, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. तारांना उचलून धरणारी लाकडी घोडी घडी केलेल्या रुमालावर नीट ठेवलेली होती. खालच्या टोकाला तारा अडकवायची जड पट्टी असते. तारा निघाल्यावर ती पोटावर आपटते आणि पॉलिशला ओरखडा पाडते. त्या पट्टीखाली दुहेरी घडीची लोकरी शाल सरकवलेली होती. बेसच्या खाली जाड चादर होती.

अडाणी चोर एवढा बिछाना घालत नाही, एवढं फौजदारांना बेस न वाजवताही कळत होतं.

तेवढ्यात आप्पा आले. सोबत भाची. आप्पा फार खंगले होते. फौजदारांना राग धरून ठेवायचा होता, पण ते हडकलेले खांदे बघून तो हातातून निसटायला लागला.

"आप्पा," ते बाजूने म्हणाले.

आप्पा सरळ पुढे गेले.

मॅनेजर हळूच म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. वहिनी गेल्यापासून हे असंच. कुणी हाक मारली तरी ओ देत नाहीत. माणूस आतून मोडलाय. आम्हीही छेडत नाही."

भाचीने आप्पांच्या बाहीला हात लावला. आप्पा वळले. ती त्यांच्या समोर आली आणि म्हणाली, "आप्पा, मामा आलाय."

आप्पांचा चेहरा उजळला. "अरे फौजदार! वाट चुकलास का काय?"

फौजदार बेसकडे बघतच म्हणाले, "काल रात्री घरची किल्ली कुठे होती, आप्पा?"

आप्पा गप्प. भाची चटकन म्हणाली, "दारामागच्या खिळ्याला. आप्पा, किल्ली खिळ्यालाच होती ना काल?"

"खिळ्याला," आप्पा म्हणाले.

मग त्यांना उताणा बेस दिसला. ते जवळ गेले. रुमाल, शाल, चादर, सगळं त्यांनी बघितलं. आणि बेसवरून नजर उचलून त्यांनी लेकीकडे बघितलं. खूप वेळ.

"कुणी का केलं असेना, जपून केलंय," एवढंच बोलून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

फौजदार भाचीकडे वळले. "काल इथून शेवटी कोण निघालं?"

"मीच. तारा पाकिटात होत्या."

"खांबवर संशय?"

"नाही! तो नाही, मामा. त्याला काही करू नका."

"मग कोण?"

ती नुसती आप्पांच्या पाठीकडे बघत राहिली.

फौजदार चालत खिडकीपाशी गेले आणि आप्पांच्या मागे, हातभर अंतरावर उभे राहिले. भाचीच्या लक्षात आलं असावं. ती "मामा, नको" म्हणाली, पण तोवर उशीर झाला होता. ठाण्याच्या आवारात हाका मारायचे तशा खड्या आवाजात फौजदार म्हणाले, "आप्पा! तुमच्या लेकीला आजपासून कामावरून काढलंय!"

मॅनेजर दचकला. खांबने आ वासला.

खाली कुणीतरी सायकल धूत होतं. आप्पा तिकडे बघत होते. त्यांची मानसुद्धा हलली नाही.

भाची मटकन स्टुलावर बसली.

"चोराला तारा हव्या असत्या, तर तो पाकिटं उचलून चालता झाला असता," फौजदार म्हणाले. आता त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "जुन्या तारा उतरवायचं, आतली काठी पाडायचं त्याला कारण नव्हतं. म्हणजे तारा नको होत्या, पारख नको होती. काठी पडते हे माहीत असलेल्यानेच ती पाडली. आणि बेसला ओरखडा पडू नये म्हणून अंगावरची शाल काढून घातली. मग मी विचार केला, यंदाच पारख का नको? यंदा नवीन काय? तर पडदा. इतकी वर्षं आप्पांसमोर वाजवणाऱ्याचं तोंड होतं, हाताखाली लाकडाची थरथर होती. पडद्याआडून फक्त आवाज येतो."

खांबने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"सगळे म्हणतात, आप्पा दुःखामुळे बोलत नाहीत. माझाही तोच समज होता. पण पोरी, मी विचारलेला प्रश्न तू त्यांच्या समोर जाऊन पुन्हा विचारतेस. मगच ते उत्तर देतात."

"पण मग हे आप्पांनीच केलं असेल की," मॅनेजर म्हणाला.

"त्यांना टाळायचं असतं, तर अंग मोडून आलंय म्हणून ते घरी पडून राहिले असते. ज्याला त्यांना ‘जाऊ नका’ असं सांगता येत नव्हतं, त्यालाच हे करावं लागलं. सांगायचं म्हणजे का ते बोलावं लागलं असतं." फौजदार भाचीसमोर उकिडवे बसले. "तारा कुठायत, बाळा?"

"माझ्या गजाच्या पेटीत," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "मी आज सांगणार होते, मामा. खांबचं नाव आलं तेव्हाच. पण आप्पा समोर उभे होते."

"तुला कधी कळलं?"

"घरी तांत लावून बघत होते. पाऊसपाण्याचे दिवस, खालची तार उतरली, अगदी बेसूर झाली. आप्पा ताल धरून बसलेले. पूर्वी केसाएवढा सूर हलला तरी ओरडायचे. मला वाटलं, लक्ष नसेल. मुद्दाम चुकीचे सूर वाजवले. तरी मान डोलावत होते. मग..." तिने डोळे पुसले. "मग मी गज तारेवरून उचलला आणि हवेतच फिरवत राहिले. खोलीत काहीच वाजत नव्हतं, मामा. आणि आप्पा म्हणाले, छान."

खांब भिंतीकडे तोंड करून उभा होता. एवढा थोरला माणूस हुंदके देत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

"कुणाला सांगू नका," भाची म्हणाली. "त्यांचा कान एवढंच उरलंय त्यांच्याकडे. आई तर गेलीच."

आप्पा वळले ते तेव्हा. लेक रडतेय, खांब रडतोय, मॅनेजर जमिनीकडे बघतोय. त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही. ते हळूहळू चालत आले आणि लेकीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला.

"कळलं वाटतं सगळ्यांना," ते म्हणाले. आवाज नको इतका मोठा होता. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नव्हतं, हे आता सगळ्यांच्या ध्यानात आलं.

लेकीने मान वर केली. "तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"त्या दिवशी गज तारेला टेकला नव्हता, बाई. डोळे अजून शाबूत आहेत माझे. तार थरथरत नव्हती."

"मग छान का म्हणालात?"

"तू रडत होतीस."

ती त्यांच्या पोटाशी बिलगली. आप्पा तिच्या डोक्यावरून मॅनेजरला म्हणाले, "आज मी सांगूनच टाकणार होतो. पडदा आहे म्हटल्यावर बरं वाटलं. पडद्याआडून सांगताना हिचं तोंड बघावं लागलं नसतं." मग खांबला म्हणाले, "नाक पूस. यापुढे तू ऐकायचंस. पोलाद आवडत असेल तर पोलाद लाव. मी तांत निवडायचो, कारण ती हाताला जास्त कळते. गेली दोन वर्षं तुमच्या सगळ्यांच्या बेसना मी हाताने तारा निवडल्या. माफ करा मला."

खांब त्यांच्या पायाशी वाकला. आप्पांनी त्याला दंडाला धरून उठवलं.

खाली उतरताना भाची गजाची पेटी आणायला मागे राहिली. जिन्याच्या वळणावर आप्पा थांबले. फौजदार एक पायरी खाली होते. आप्पांनी त्यांना खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं.

"तू होतास दवाखान्यात. पोरगी औषधं आणायला गेली होती. तुझी बहीण शेवटचं काहीतरी म्हणाली. तोंडावर नळ्या होत्या, ओठ दिसले नाहीत. मी आपलं हो म्हणालो. काय म्हणाली रे?"

फौजदारांना आठवायची गरज नव्हती. बहीण म्हणाली होती, गार वाटतंय, खिडकी लावा. आप्पा हो म्हणाले आणि तसेच बसून राहिले. खिडकी शेवटी फौजदारांनीच उठून लावली, आणि त्या दिवसापासून मेहुण्याचं तोंड बघितलं नाही. वर्षभर ते या माणसाला दगड म्हणत आले होते.

आयुष्यभर त्यांनी लोकांकडून खरं वदवून घेतलं होतं. आता ते आप्पांच्या अगदी समोर आले, ओठ नीट दिसतील असे.

"म्हणाली, पोरीला सांभाळा."

आप्पांनी त्यांच्या तोंडाकडे बघत ते शब्द जुळवले. "आणि मी हो म्हणालो ना?"

"हो म्हणालात," फौजदार म्हणाले.